ऐका हो ऐका! – जाहिरातीची गोष्ट



इतिहास म्हटला की गड आणि लढाया आठवतात. पण जाहिरातीलाही इतिहास आहे. गुरुजींनी मला हाच विषय दिला.

जाहिरात म्हणजे चारचौघांत जाहीर करणे. पूर्वी हे काम दवंडीने होई. डफावर थाप पडली की बायामाणसं दारात येत. आजी सांगते, दवंडीत काही चुकलं तर लोक सरळ चावडीवर जाऊन विचारायचे. दवंडी देणारा गावातलाच असायचा, पळून जाणार कुठं?

नंतर छापखाने आले. १७८० साली कलकत्त्याला हिकी नावाच्या आयरिश माणसाने वर्तमानपत्र काढले, त्यात जाहिराती असत. मराठीत 'दर्पण' हे वर्तमानपत्र १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी सुरू केले.

मला सर्वांत आवडली ती नांगराची हकिकत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावला लोखंडी नांगर तयार केला. पण घेतो कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे गेली! आपल्याकडे भीमेच्या दोन्ही काठांना, दौंडला काय अन् शिरूरला काय, शेतकरी नवी वस्तू आधी दुसऱ्याच्या रानात बघतो आणि मगच घेतो. मला तरी त्यात वावगे वाटत नाही. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव चित्रकार होते. त्यांनी कारखान्याच्या जाहिरातींचे काम अंगावर घेतले आणि १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र काढले. त्याचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. म्हणजे नांगराच्या कारखान्यातून मासिक निघाले! नांगर मात्र टिकला तो शेतात चालला म्हणून. नुसत्या चित्राने ढेकूळ फुटत नाही.

रेडिओवर विविध भारतीच्या जाहिराती १९६७ साली सुरू झाल्या, दूरदर्शनच्या १९७६ साली. आता तर मोबाईलवर गाणे लावले की आधी जाहिरात ऐकावी लागते.

आमच्या गावात अजून भिंतीच जास्त बोलतात. एस.टी. थांब्यापासून शाळेपर्यंत सिमेंट, पाइप, बियाणे, क्लास अशा जाहिराती रंगवल्या आहेत. मी सगळ्या वाचल्या. भाव एकीवरही नाही. 'भरघोस' आणि 'खात्रीशीर' हे शब्द मात्र पुष्कळ.

अशीच एक भिंत वाचून आमच्या दादांनी, म्हणजे वडिलांनी, गेल्या साली कांदा फुगवणीचं औषध आणलं. भिंतीवर कांदा नारळाएवढा काढला होता. आमचा निघाला लिंबाएवढा. दादा म्हणाले, "आता भिंतीला काय विचारायचं?"

पण विचारता येते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ साली नव्याने झाला. फसवी जाहिरात करणाऱ्याला त्यात दहा लाख रुपयांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. १९१५ या क्रमांकावर फोन करून तक्रार सांगता येते. त्यासाठी पावती जपून ठेवावी लागते. पालकांनो, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिले आहे.

आमची बाटली गोठ्याच्या कोनाड्यात सापडली. तिच्यावरचे बारीक अक्षरातले नाव आणि पत्ता मी वहीत उतरवून घेतला आहे. पावती आई शोधते आहे.