पुडा तोच, माल कमी

मैत्रिणींनो, बिस्किटाच्या पुड्यावर ‘नवीन रूप’ दिसलं की आधी वजन बघा. समजा, दहा रुपयांत ५० ग्रॅम यायचे, आता ४० येतात. म्हणजे ग्रॅमला २० पैसे पडायचे, ते २५ झाले. शेकडा २५ ची वाढ, आणि छापील किंमत तीच! कंपनीच्या साहेबांचं डोकं इथं बरोब्बर चालतं.

किमतीजवळ बारीक अक्षरात एका ग्रॅमचा दर असतो. किलोच्या वरच्या पुड्यावर किलोचा. कायद्यानंच तो छापावा लागतो, आपल्या गटाच्या मसाल्याच्या पुडीवरसुद्धा. मोठा पुडा स्वस्तच, असं धरू नका. दोन्ही दर लावून बघा. चष्मा सोबत न्या. आणि दुकानदाराशी भांडू नका, पुडा त्यानं भरलेला नाही.