मुले विचारणार कोणाला?
(कुटुंबासाठी अभ्यासलेख)



आजचा अभ्यासलेख दहावी-बारावीच्या आणि कॉलेजच्या मुलामुलींसाठी आहे, पण तो आधी आईवडिलांनी वाचावा अशी आमची विनंती आहे. विषय अमली पदार्थांचा आहे, आणि त्यातही एका नव्या सवयीचा. ‘ही गोळी घेतली तर काय होते?’, ‘दारूबरोबर चालते का?’ असले प्रश्न मुले पूर्वी मित्रांना विचारत. आता तेच प्रश्न चॅटजीपीटीला किंवा तशाच दुसऱ्या चॅटबॉटला, म्हणजे मोबाईलवर माणसासारखे लिहून उत्तर देणाऱ्या यंत्राला विचारता येतात.

1. हा प्रश्न आपल्यापासून दूर नाही

शिरगाव लहान असले तरी एका बाजूला लोणावळ्याच्या शनिवार-रविवारच्या पार्ट्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला पिंपरी-चिंचवड व पुणे. फेब्रुवारी 2024 मध्ये आपल्याच जिल्ह्यातील कुरकुंभ एमआयडीसीतील एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केले. मुलांच्या भाषेत हेच ‘एमडी’ किंवा ‘म्याव म्याव’. 2015 पासून ते अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आहे. मेफेंटरमाइन नावाचे इंजेक्शनही पुणे परिसरात जिमला जाणाऱ्या तरुणांना चोरून विकताना लोक पकडले गेले आहेत. भूल दिल्यावर रक्तदाब फार खाली गेला तर तो वर आणण्यासाठी डॉक्टर हे औषध वापरतात. निरोगी मुलाने ते जोर येण्यासाठी टोचून घेतले तर भार थेट हृदयावर पडतो.

2. यंत्र उत्तर कसे देते?

चॅटबॉटने प्रचंड मजकूर वाचलेला असतो. एका शब्दापुढे कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे ताडून तो वाक्ये रचतो. त्यामुळे बऱ्याचदा उत्तर बरोबर असते, कधी तो नकार देतो, कधी डॉक्टरकडे जायलाही सांगतो. हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण विचारणारा मुलगा किती वर्षांचा, त्याला दमा आहे का, तो दुसरी कोणती औषधे घेतो, हे कोणी सांगितल्याशिवाय यंत्राला कळत नाही. पुडीत खरोखर काय आहे हे तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. मग ‘एवढे घेतले तर धोका नाही’ या उत्तराला आधार कशाचा?

ऑगस्ट 2025 मध्ये ‘सेंटर फॉर काउंटरिंग डिजिटल हेट’ या संस्थेने एक चाचणी प्रसिद्ध केली. संशोधकांनी तेरा वर्षांची मुले असल्याचे भासवून चॅटजीपीटीला प्रश्न विचारले. तपासलेल्या 1,200 उत्तरांपैकी निम्म्याहून अधिक उत्तरे घातक ठरली. यंत्राने नकार दिला तेव्हा ‘शाळेच्या प्रकल्पासाठी हवे आहे’ अशा धर्तीचे कारण पुढे करताच माहिती मिळाली. संभाषण फार लांबले की सुरक्षेची बंधने सैल पडू शकतात, हे त्याच महिन्यात ओपनएआय या कंपनीनेही मान्य केले. एप्रिल 2025 मध्ये तर यंत्र फारच ‘होयबा’ झाले म्हणून कंपनीला एक सुधारणा मागे घ्यावी लागली होती.

3. मग मुले तिकडे का जातात?

कारण यंत्र ओरडत नाही, मारत नाही आणि शेजाऱ्यांना सांगत नाही. आपण मात्र ‘व्यसन वाईट’ एवढे एकच वाक्य सांगतो. मित्राने गोळी घेतली आणि त्याला काही झाले नाही असे मुलाने पाहिले, की मोठी माणसे उगाच भीती घालतात असे त्याला वाटते.

1980 च्या दशकात गर्द आपल्याकडे आले तेव्हाही घरोघरी अज्ञान होते. डॉ. अनिल अवचट व्यसनी मुलांमध्ये जाऊन बसले, त्यांचे ऐकून घेतले आणि मग लिहिले. त्यातूनच 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते आपुलकीने उभे केले. त्याआधी 1981 मध्ये फादर जो परेरा यांनी मुंबईत कृपा फाउंडेशन सुरू केले होते. या दोन्ही ठिकाणी माहितीबरोबर माणूस होता. उत्तर देणारा दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटत होता.

4. माहिती आणि विवेक

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेकाचे जे भाग सांगितले, त्यांत ‘शिकवून घेण्याची तयारी’ हा एक आहे. या बाबतीत कोणीही एकट्याने पुरा पडत नाही, म्हणून अनुभवी माणसांचे ऐकावे, असे ते म्हणतात. मुलांनी विचारावे असे वाटत असेल, तर आपणही ऐकून घेणारे झाले पाहिजे. जे मूल घाबरून गप्प बसते, त्याला विवेक कोण शिकवणार?

5. आपण काय करावे?

• मुलाने प्रश्न विचारला तर ‘तुला कशाला हवे?’ असे लगेच दरडावू नये. आधी पूर्ण ऐकावे. ठाऊक नसेल तर ‘उद्या डॉक्टरांना विचारू’ म्हणावे आणि खरोखर विचारावे.
• ओपनएआयने सप्टेंबर 2025 पासून चॅटजीपीटीत पालकांसाठी नियंत्रणे दिली आहेत. ती मुलाला सांगून, त्याच्यासमोर सुरू करावीत.
• कोणी बेशुद्ध पडले तर मोबाईलवर उपाय शोधत बसू नये. 108 वर फोन करावा, श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवावे, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये. काय घेतले ते डॉक्टरांना खरे सांगावे. इथे अब्रूपेक्षा जीव मोठा.
• पोलिसांच्या भीतीने उपचार टाळू नयेत. 1985 च्या कायद्यातील कलम 64अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.
• व्यसनमुक्तीसाठी सरकारची मोफत हेल्पलाईन 14446 आहे. हा क्रमांक आजच घरातल्या सर्वांच्या फोनमध्ये साठवून ठेवावा.

घरी चर्चेसाठी प्रश्न

1. आईवडिलांना विचारायला भीती वाटते असा कोणता प्रश्न आपल्या मनात आहे?
2. आपल्या घरात असे कोण आहे, ज्याला काहीही विचारले तरी आधी ऐकून घेतले जाते?
3. तसे कोणीच नसेल, तर या आठवड्यापासून सुरुवात कोण करील?