थेट शेतकऱ्याची भाजी मुलुंडमध्ये कितीला पडते?

रिझर्व्ह बँकेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आपण टोमॅटोला मोजलेल्या रुपयातले शेतकऱ्याच्या हातात जेमतेम 33 पैसे पडतात. कांद्याचे 36, बटाट्याचे 37. नारायणगावचा टोमॅटो वाशीच्या बाजार समितीत उतरतो आणि टेम्पोने ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडला येतो. आडत, हमाली, भाडं, वाटेतली घट, सगळं गाडीवरच्या भावात चढतं.

राज्य सरकारने 2016 साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला. तेव्हापासून शेतकरी गट आठवडी बाजारात किंवा सोसायटीच्या आवारात थेट विकू शकतात. मात्र हिशेब घरापासून धरा. रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये, जाऊन-येऊन 52. किलोमागे 10 रुपये वाचले, तरी पाच किलोंपर्यंतची बचत रिक्षाच खाते. म्हणून दोन-तीन घरांनी मिळून आठवड्याचा कांदा, बटाटा, टोमॅटो एकदम आणावा. दोन जुड्या मेथीसाठी एवढी यातायात परवडत नाही.

भाव नेहमी किलोचा विचारा. 'वीसला पाव' म्हणजे किलो 80 रुपये. पेपरात येणारा लासलगावचा भाव क्विंटलचा असतो. 2,000 छापले असतील तर किलोला 20. इलेक्ट्रॉनिक काट्याची दर वर्षी पडताळणी सक्तीची आहे. वजनात शंका आली तर ग्राहक हेल्पलाइन 1915.

तांदूळ घेताना जास्त जपा. वाडा कोलमला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गोणीवर 'वाडा' छापलेला प्रत्येक दाणा वाड्याचा नसतो. दुप्पट पैसे मोजण्याआधी तो कुठल्या गावचा, कुठल्या गटाचा, हे विचारा.

पावसाच्या तोंडावर आणि पावसाळ्यात शहापूर-मुरबाडकडच्या आदिवासी बाया शेवळं, कंटोळी, टाकळा घेऊन गाडीने येतात. शेवळांबरोबर काकडं मागून घ्या, नाहीतर घसा खाजतो. इथे काटा नाही, वाटा असतो. रानात फिरून वेचणं, निवडणं, जुड्या बांधणं, पहाटेची गाडी पकडणं, हे सगळं तिचं एकटीचं. न खपलेला माल संध्याकाळी सुकतो, तो तोटाही तिचाच. मध्ये कुणी दलाल नसतो, म्हणून तुम्ही दिलेला रुपया जवळजवळ पूर्ण तिच्या घरी पोचतो. मॉलमध्ये छापील किमतीला निमूट पैसे देणाऱ्यांनी तिच्याशी पाच रुपयांसाठी घासाघीस करू नये. सुटे पैसे न्या, आणि ती मागेल तो भाव द्या.