जुनी जीप रंगवताय? आधी काच उतरवा
गोंडपिपरीकडे पाऊस दणकून. जुन्या महिंद्रा जीपचा पत्रा सडतो तो काचेच्या रबराखाली. रबराला टेप लावून रंग मारला तर काम लवकर उरकतं, पण गंज आतच राहतो. पुढच्या पावसाळ्यात रंग फुगतो आणि गिऱ्हाईक दारात!

रबरात लॉकपट्टी असेल तर ती आधी ओढून काढा. साबणाचं पाणी सोडा, आतून तळव्याने हळूहळू काच ढकला. बाहेर धरायला दुसरा माणूस हवाच. रबर कडक झालंय? सरळ ब्लेडने कापा. रबरापेक्षा काच महाग पडते. गंज घासून रेड ऑक्साईड, मग रंग. बसवताना रबराच्या बाहेरच्या खाचेत दोरी घाला, काच पत्र्याला टेकवून दोरी आतून ओढा.

काच फुटली तर खर्च कोणाचा, हे कोटेशनवर आधीच लिहा. माझं एकदा लिहायचं राहिलं. सगळी मजुरी काचेत गेली.