पुन्हा पुन्हा 'एफ १' मागणारा संगणक



संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे येऊन थांबतात. कधी 'सीमॉस चेकसम एरर', कधी 'डेट अँड टाइम नॉट सेट', आणि खाली 'प्रेस एफ १ टू कंटिन्यू'. विद्यार्थी एफ १ दाबतात, संगणक पुढे जातो, काम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच संदेश पुन्हा हजर. घरी मराठी, शाळेत मराठीबरोबर कन्नड, बाजारात हिंदी-उर्दू बोलणारी आपल्या हुमनाबादची मुले पडद्यावरचे इंग्रजी वाक्य वाचण्याआधीच कळ दाबून मोकळी होतात. मोठी माणसेही तेच करतात. म्हणून या अंकात आम्ही या एकाच संदेशाचा पाठ घेत आहोत.

१९८१ साली आयबीएम कंपनीचा पहिला पीसी आला, तेव्हा त्यात बॅटरीवर चालणारे घड्याळ नव्हते. संगणक सुरू केल्यावर दर वेळी तारीख व वेळ हाताने टंकावी लागे. १९८४ च्या पीसी-एटी या संगणकात घड्याळाची स्वतंत्र चिप बसवली गेली. तिच्यात ६४ बाइटची इवलीशी स्मृती होती : १४ बाइट घड्याळासाठी, उरलेले ५० संगणकाच्या सेटिंगसाठी. ही स्मृती 'सीमॉस' प्रकारची. विजेचा प्रवाह तुटला की ती सगळे विसरते, म्हणून तिला एक छोटा सेल जोडलेला असतो. अलीकडच्या अनेक संगणकांत सेटिंग दुसऱ्या, न विसरणाऱ्या चिपमध्ये ठेवतात, परंतु घड्याळ मात्र अजून सेलवरच चालते.

या घड्याळातील क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. हीच संख्या का, हे आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी २ चा १५ वा घात काढून पाहावे. चिप या कंपनांचे १५ वेळा निम्मे-निम्मे करते आणि शेवटी सेकंदाला बरोबर एक ठोका उरतो. मनगटी घड्याळातही बहुधा हाच स्फटिक असतो.

आता 'चेकसम' म्हणजे काय? हजेरीपटाच्या तळाशी वर्गशिक्षक उपस्थितीची बेरीज लिहितात. नंतर कोणी मधला एखादा आकडा खोडला, तर पुन्हा बेरीज करताच ती खालच्या आकड्याशी जुळत नाही. संगणकही सेटिंगची बेरीज करून ठेवतो व सुरू होताना ती पुन्हा ताडून पाहतो. सेल मंदावला की स्मृतीतील आकडे बिघडतात, बेरीज चुकते आणि संदेश येतो. अर्थात संगणक खरे तेच सांगत असतो : माझ्या वहीवर विश्वास ठेवू नका.

हा सेल म्हणजे नाण्यासारखी गोल बटण बॅटरी. तिच्यावर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. २० म्हणजे व्यास २० मिलिमीटर आणि ३२ म्हणजे जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. तिची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास असते. घड्याळ ५ मायक्रोअँपिअर प्रवाह घेते असे धरले, तर भागाकार करून पाहा : ४४,००० तास, म्हणजे सुमारे पाच वर्षे. भिंतीवरचे बटण चालू असेपर्यंत घड्याळाला विजेवरूनच पुरवठा होतो व सेल विश्रांती घेतो. बटण बंद झाले की भार सेलवर पडतो. आपल्या कर्नाटकात शाळा एप्रिलमध्ये मिटतात त्या मे अखेरपर्यंत. तेवढे दिवस संगणक कक्षाचे मेन स्विच बंद, वरून आपल्या भागातला उन्हाळा. जुना सेल या सुट्टीत शेवटचा श्वास घेतो, आणि शाळा उघडताच एफ १ ची तक्रार सुरू होते. मेन स्विच बंद ठेवू नये असे मात्र आम्ही म्हणणार नाही. वळवाच्या विजांपासून यंत्रे वाचवणे अधिक महत्त्वाचे आहे.

नुसता एफ १ दाबत राहिल्याने काय बिघडते? तारीख कित्येक वर्षे मागे जाते. त्या दिवशी तयार केलेल्या गुणपत्रकाच्या फाइलवर जुनी तारीख पडते, आणि दोन प्रतींपैकी नवी कोणती हे कळेनासे होते. त्याहून मोठी अडचण शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना येते. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाजवळ मुदतीचे प्रमाणपत्र असते. संगणकाच्या मते अजून २०१० साल चालू असेल, तर ते प्रमाणपत्र त्याला अद्याप लागूच झालेले दिसत नाही व संकेतस्थळ उघडत नाही. मग धोक्याची सूचना डावलून 'तरीही पुढे जा' दाबण्याची सवय लागते. ही सवय आम्हांला सर्वांत वाईट वाटते, कारण उद्या खोटे संकेतस्थळ समोर आले तरी बोट तिथेच जाईल.

दुरुस्ती शंभर रुपयांच्या आतली आहे. प्रथम संदेशाची पूर्ण ओळ वाचून वहीत उतरवावी, कारण 'सीपीयू फॅन एरर' आला तरीही संगणक एफ १ च मागतो आणि तिथे सेल बदलून काहीच होत नाही. त्यानंतर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये जावे व सेटिंगचे फोटो काढून ठेवावेत. 'साटा मोड' या ओळीची विशेष नोंद घ्यावी. ती बदलली तर सेल नवा असूनही विंडोज उघडत नाही, निळा पडदा येतो. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असेल, तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून घ्यावी.

मग संगणक बंद करून वायर काढावी, सुरू करण्याचे बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यावी, कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा आणि मगच झाकण उघडावे. बाजूची क्लिप हळूच दाबली की सेल वर येतो. नवा सेल अधिक चिन्ह वर ठेवून बसवावा. बायोसमध्ये तारीख-वेळ भरून, सेटिंग फोटोशी ताडून ते जतन करावे. विंडोजमध्ये वेळेचा विभाग भारताचा, म्हणजे अधिक ५:३०, आहे ना ते पाहावे. (ही वेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. हुमनाबाद सुमारे ७७ अंशांवर आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य २२ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. भूगोलाच्या तासाला हे गणित करावे.) विद्यार्थ्यांनी हे काम शिक्षक समोर असल्याशिवाय करू नये.

नवा सेल घालूनही संदेश आला, तर मल्टिमीटरने त्याचा दाब मोजावा. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेले सेलही मिळतात. दाब बरोबर असेल तर खाचेतील पत्रा सैल झालेला असू शकतो. एवढे तपासल्यावरच मदरबोर्डाकडे संशय न्यावा. विश्वस्त मंडळींना आमची विनंती आहे की, नव्या संगणकाच्या मागणीवर सही करण्यापूर्वी सेल बदलून पाहिला का, हे अवश्य विचारावे.

पालकांसाठी एक गंभीर सूचना. काढलेला सेल टेबलावर, खिशात किंवा कंपासपेटीत ठेवू देऊ नका. संगणकाला अपुरा पडलेला सेलही लहान मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांत आतून जखम करू शकतो. सेलच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून तो शाळेतील ई-कचऱ्याच्या डब्यात द्यावा. मुलाने गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नये, वाट पाहू नये. सरळ रुग्णालयात नेऊन 'बटण बॅटरी' हे शब्द डॉक्टरांना सांगावेत व क्ष-किरण तपासणी करून घ्यावी.