अ‍ॅटलासचा घाट बसने

प्रश्न: आम्ही साठीतलं जोडपं जानेवारीत मोरोक्कोला जात आहोत. माराकेशहून वारझाझातला साध्या बसने जाणं झेपेल का?

उत्तर: झेपेल. अंतर जेमतेम 200 किलोमीटर, पण चार-पाच तास धरा. वाटेतली तिझी-न-तिश्का खिंड सुमारे 2260 मीटरवर आहे. आपलं कळसूबाई 1646! सीटीएम किंवा सुप्राटूर्स या बसकंपन्यांचं तिकीट आदल्या दिवशीच काढा. सीटीएममध्ये डिकीतल्या सामानाचे वेगळे पैसे पडतात, पावती जपून ठेवा. वळणं संपता संपत नाहीत, म्हणून पुढची जागा मागा आणि डॉक्टरांना विचारून मळमळीची गोळी घ्या. सहा प्रवासी कोंबणारी ग्रँड टॅक्सी या वयात मी तरी सुचवणार नाही. जानेवारीत बर्फामुळे खिंड कधीकधी बंद होते. म्हणून बसने माराकेशला परताल त्याच दिवसाचं परतीचं विमान ठेवू नका.