पाठीवर पाणी, घशाला कोरड

त्या दिवशी माझ्या पाठीवर जवळजवळ दोन लिटर पाणी होतं, आणि मी पाण्यावाचून आडवी झाले होते. घरी येऊन पिशवीतलं पाणी मापाने मोजेपर्यंत माझा स्वतःचाच यावर विश्वास बसला नव्हता.

एप्रिलचा शेवटचा रविवार होता. मी आणि माझा भाचा उजाडायच्या आत पुण्यातल्या कोंढव्यातून सायकलींवर निघालो, बोपदेव घाट चढलो आणि पठारावरच्या पायवाटांनी कानिफनाथाच्या डोंगराकडे वळलो. त्या दिवसांत तिथे वाळलेलं गवत, मुरूम आणि ऊन एवढंच असतं. सावलीला झाड शोधावं लागतं. पाठीवर नवीकोरी तीन लिटरची हायड्रेशन बॅग होती, म्हणजे आत पाण्याची पिशवी आणि प्यायला नळी. आधीच्या महिन्यात एका उतारावर माझी बाटली सायकलच्या फ्रेममधून उडून दरीत गेली होती, म्हणून ही घेतली. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या होत्या : किंमत कमी, पाणी जास्त.

भाचा अधूनमधून विचारत होता, "मावशी, पाणी पितेस ना?" मी म्हणत होते, "पितेय की." खोटं बोलत नव्हते. नळी तोंडात धरत होते, पण तोंडाकडचा व्हॉल्व्ह इतका कडक की दातांनी दाबून ओढलं तरी जेमतेम घोटभर पाणी यायचं. पहिला घोट उन्हात तापलेला, त्याला प्लॅस्टिकचा वास. नळी आखूड, त्यामुळे मान वळवावी लागायची, आणि दगडांच्या वाटेवर मान वळवली की चाक भरकटतं. म्हणून मी सपाटी आल्यावर पिऊ म्हणायचे, आणि सपाटीवर विसरून जायचे. शिवाय आत किती उरलंय ते दिसत नव्हतं. दहाच्या सुमाराला मी मनाशी धरलं की पाणी संपत आलं असणार, आणि उरलेलं जपून प्यायला लागले.

परतीच्या चढावर पोटरीत गोळा आला. तो चोळून उतरवला. मग डोकं ठणकायला लागलं, मळमळलं, आणि त्या रणरणत्या उन्हात अंगावर काटा आला, थंडी वाजल्यासारखा. एवढं झालं की पुढे जायचं नाही, कोणी काही म्हणो. मी मात्र आणखी अर्धा किलोमीटर गेले. रस्त्याकडेच्या सरबताच्या टपरीपाशी सायकल टाकली आणि खाली बसले ती उठताच येईना. टपरीवरच्या बाईंनी विचारपूस नंतर केली. आधी मला ताडपत्रीच्या सावलीत ओढलं, मानेवर ओला पंचा टाकला आणि माठातल्या पाण्याचं मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत हातात दिलं. "ताई, गटागटा नका पिऊ, थोडं थोडं घ्या." तासाभराने मी उभी राहिले आणि टेम्पोतून घरी आले. स्वयंपाकघरातल्या मापाने पिशवी रिकामी केली : एक लिटर नऊशे मिली. पाच तासांत मी फक्त अकराशे मिली प्यायले होते.

पाणी जवळ असणं आणि पाणी पोटात जाणं यात केवढं अंतर आहे, ते तेव्हा कळलं. मुळात पाठीवरच्या पाण्याची ही कल्पना निघाली तीच पिणं सोपं व्हावं म्हणून. 1988 च्या सुमाराला टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स इथल्या शंभर मैलांच्या उन्हाळी सायकल राईडमध्ये मायकेल आयडसन नावाच्या आरोग्यसेवकाने सलाईनची पिशवी पाण्याने भरली, लांब मोज्यात घातली, जर्सीच्या पाठीला लावली आणि नळी खांद्यावरून पुढे आणली. त्यातूनच पुढे अशा बॅगा बनवणारी कॅमलबॅक ही कंपनी उभी राहिली. बाटलीसाठी हात सोडावा लागू नये, एवढंच त्याला हवं होतं. मी मात्र लिटर मोजत बसले.

म्हणून आता मला कोणी विचारलं की कोणती बॅग घेऊ, तर मी म्हणते, दुकानात जा आणि तिच्यात पाणी भरून पिऊन बघा. दुकानदार नाही म्हणाला तर दुसरं दुकान बघा, किंवा ट्रेलवर भेटणाऱ्या कोणाची तरी बॅग पाच मिनिटं मागून घ्या, सायकलवाले देतात. हँडलवर वाकल्यासारखं उभं राहायचं आणि नळी तोंडाशी आणायची. मान न वळवता ती ओठांपर्यंत यायला हवी, व्हॉल्व्ह हलका चावला की तोंडभर पाणी यायला हवं, आणि नळी सोडली की ती पट्ट्यावर आपल्या जागी बसायला हवी, लोंबकळायला नको. व्हॉल्व्हवर टोपण असलेलं बरं. आपल्या वाटांवर धूळ आणि शेण दोन्ही उडतं, आणि पावसाळ्यात तर बाटलीचं तोंड बघवत नाही.

गरम घोटावरचा उपाय मला भाच्याने शिकवला. पिऊन झालं की नळीत फुंकर मारायची, म्हणजे नळीतलं पाणी परत पिशवीत जातं आणि उन्हात तापत राहत नाही. पिशवी भरल्यावर उलटी धरून नळीतून आतली हवा ओढून घ्यायची, म्हणजे पाणी डचमळत नाही.

दुसरी गोष्ट मापाची, पिशवीच्या नव्हे, आपल्या शरीराच्या. तीन लिटर पाणी म्हणजे तीन किलो. माझं वजन अठ्ठावन्न; पाना, पंप आणि ट्यूब धरून चार-साडेचार किलो पाठीवर चढतात. माझी उंची पाच फूट एक इंच, पाठ आखूड. ती बॅग माझ्या नितंबांवर टेकायची, आणि तीव्र उतारावर सरकून हेल्मेटला मागून धक्का द्यायची. धक्का बसला की नजर खाली जाते, आणि उतारावर तेच नको असतं. बऱ्याच बॅगा उंच पुरुषांच्या पाठी डोळ्यांसमोर ठेवून शिवलेल्या असतात. बायकांनी आणि ठेंगण्या माणसांनी वेगवेगळ्या मापांत मिळणारी बॅगच घ्यावी, थोडी महाग पडली तरी. कमरेचा पट्टा पोटावर न येता कमरेच्या हाडांवर बसावा, छातीचा पट्टा वर-खाली सरकवता यावा. भरलेली बॅग घालून दुकानातच चार उड्या माराव्यात. लोक बघतात, बघू देत.

आणि किती लिटर? हे दुसऱ्याला विचारण्यात अर्थ नाही. निघण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. परत आल्यावर घाम पुसून पुन्हा करा. वाटेत प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. वेताळ टेकडीवर दोन तास सायकल चालवून मी आले तेव्हा आठशे ग्रॅम घटले होते आणि पाचशे मिली प्यायले होते. म्हणजे तेराशे, तासाला साडेसहाशे. एप्रिल-मे महिन्यात हा आकडा वाढतो, डिसेंबरात बराच उतरतो. सगळाच्या सगळा घाम भरून काढायचा अट्टहास नको. घामाहून जास्त साधं पाणी पोटात गेलं तर रक्तातलं सोडियम घसरतं, आणि तेही जिवावर बेततं. मला दोन लिटर पुरतात, वर फ्रेमला एक बाटली. टेकडीवरच्या तासाभराच्या फेरीला तर मी कमरेची छोटी बॅगच बांधते, पाठ मोकळी राहते.

बाटलीत असतं मीठ-साखरेचं पाणी : लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचाच चमचा. हे पिशवीत कधीही भरू नका. मी एकदा भरलं होतं, नीट धुतलं नाही, आणि पावसाळाभर बॅग माळ्यावर राहिली. ऑक्टोबरात नळीत काळे ठिपके दिसले. ती नळी मी फेकली. म्हणून पिशवीचं तोंड आत हात जाईल एवढं रुंद हवं, नळी सुटी होणारी हवी, आणि तिच्यासाठी लांब ब्रश हवा. पिशवी खाण्याचा सोडा टाकलेल्या कोमट पाण्यात ठेवून धुवायची, हँगरला उघडी टांगायची. आमच्याकडे पावसात ती चार दिवस वाळत नाही, मग मी पाणी निथळून ती सरळ फ्रीझरमध्ये ठेवते. तिथे बुरशी वाढत नाही.

आता दर वीस मिनिटांनी मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि मी दोन घोट घेते, तहान असो वा नसो. घरी आल्यावर उरलेलं पाणी मापात ओतते, आकडा वहीत लिहिते आणि ते पाणी तुळशीला घालते. गेल्या रविवारी साडेतीनशे मिली निघालं.